परमुलखांत पंतोजी

घर सोडून दूरदेशीं निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पगार किती, आणि तेथें खायला काय मिळतें? १९६७ सालीं इथिओपियांतील एका सरकारी शाळेंत इंग्रजीचे शिक्षक म्हणून आमची नेमणूक झाली, तेव्हां पाटसच्या आमच्या वाड्यांत पहिला प्रश्न तीर्थरूपांनीं विचारला व दुसरा मातोश्रींनीं. पहिल्याचें उत्तर नेमणुकीच्या कागदावर छापील होतें. दुसऱ्याचें आम्हांसच ठाऊक नव्हतें. तिसरा एक प्रश्न मात्र कोणासच सुचला नाहीं. तेथील मुलें आपलें ऐकतील हें खरें. पण आपणांस त्यांचें ऐकतां येईल काय? ह्या न विचारलेल्या प्रश्नानें पुढें आम्हांस जो धडा शिकविला तो सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

पाटस म्हणजे पुणें-सोलापूर रस्त्यावरील भीमथडीचें गांव. आगगाडीचें स्टेशन आहे, आणि पुढें जवळच दौंडचें मोठें जंक्शन. आज त्या बाजूस ऊंस दिसतो, साखर कारखाना आहे. पण आमच्या लहानपणीं तो ज्वारी-बाजरीचा, आभाळाकडे डोळे लावून बसणारा मुलूख होता. वर्षांतून एकदां देहूहून पंढरीस निघालेली तुकोबांची पालखी गांवांत येई, आणि मग रोटीच्या घाटाची चढण चढून दिसेनाशी होई. तो घाट म्हणजे आमच्या बालपणींच्या जगाची वेस होती. त्या वेशीबाहेरचें जग आम्हीं पुण्यास शिकावयास गेल्यावर पाहिलें. समुद्रापलीकडे तर वाड्यांतील कोणीच गेलें नव्हतें.

तीर्थरूपांना इतिहासाचा नाद होता. नेमणुकीचा कागद वाचून ते म्हणाले, "अरे, हा तर मलिक अंबराचा मुलूख! पोरवयांत गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. इकडे येऊन निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. त्यानें केलेली जमिनीची मोजणी आपल्या ह्या परगण्यांतली माणसें पुढें कितीतरी वर्षें सांगत असत. त्याच्या मुलखांतून एक माणूस इकडे आला, आतां आपल्याकडून एक तिकडे जातो आहे. जा तूं." मातोश्रींना मलिक अंबर माहीत नव्हता, त्यांना जंजिऱ्याचे हबशी ऐकून ठाऊक होते. त्या एवढेंच म्हणाल्या, "त्यांच्यांत मांसमच्छर खात असतील. सूनबाईला एकटीला तिथें चूल कशी साधायची?" काकूंनीं सोंवळ्याओंवळ्याच्या अटींची एक यादीच आमच्या सौ.ना तोंडपाठ करून दिली. दादांनीं दौंडच्या बाजारांतून एक काळी घोंगडी आणून ट्रंकेंत घातली. उष्ण देशांत घोंगडी कशाला, म्हणून आम्ही हंसलों.

हिंदी शिक्षकांची त्या देशास गरज कां पडावी, हें येथें सांगितलें पाहिजे. १९३६ पासून १९४१ पर्यंत इथिओपिया इटलीच्या ताब्यांत होता. त्या पांच वर्षांत तेथील शिकलेल्या तरुणांची मोठी पिढी मारली गेली. सम्राट हैले सेलासी परत आले तेव्हां शाळा नव्यानें उभ्या करावयाच्या होत्या आणि शिकविणारे हात नव्हते. म्हणून बाहेरून शिक्षक बोलावण्यांत आले. त्यांत आपल्या देशांतील शिक्षकांचा भरणा मोठा होता. आम्ही गेलों त्या काळीं प्राथमिक शाळेंत अम्हारिक भाषा चाले आणि सातव्या इयत्तेपासून गणित, भूगोल, शास्त्र, सारेंच इंग्रजींतून शिकवीत. म्हणजे इंग्रजी आलें नाहीं तर मुलाचें सर्वच गेलें.

आणि हें इंग्रजी शिकविणार कोण, तर आम्ही! आमच्या वेळीं मुंबई राज्यांत इंग्रजी आठव्या इयत्तेपासून सुरू होई. तेरा वर्षांच्या वयापर्यंत आम्हांस त्या भाषेंतील एक अक्षर येत नव्हतें. आठवींत आमच्या एका मास्तरांनीं आम्हांस वाचावयास उभें केलें, आणि आम्हीं 'स्टेशन' ह्या शब्दाचा गांवाकडच्या रीतीनें 'इष्टेशन' असा उच्चार केला. मास्तरांनीं तो शब्द तीनदां आमच्याकडून वदवून घेतला; प्रत्येक वेळीं वर्ग हंसला. त्यानंतर चार महिने आम्हीं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलें नाहीं. मास्तर मनानें वाईट नव्हते. त्यांना केवळ मौज वाटली होती. पुढें आम्ही त्याच विषयाचे पदवीधर झालों, शिक्षक झालों, आणि ती गोष्ट विसरलों. निदान विसरलों असें समजत होतों.

राजधानी आदिस अबाबाच्या ईशान्येस सुमारें १३० किलोमीटरांवर देब्रे बेरहान नांवाचें जुनें गांव आहे. तेथें आमची शाळा होती. गांवाची उंची सुमारें २,८०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या दुप्पट. सप्टेंबरांत पाऊस नुकताच सरला होता, माळावर पिवळीं फुलें डोलत होतीं, आणि पहिल्याच रात्रीं थंडीनें दांत वाजूं लागले. दादांची घोंगडी काढली आणि त्यांना मनांतल्या मनांत नमस्कार घातला.

पहिल्या दिवसापासूनच आमची फजिती सुरू झाली. शाळेचा पहारेकरी मोडक्या इंग्रजींत सांगून गेला कीं, उद्यां दोन वाजतां या. आम्ही भोजन करून, कोट-टाय चढवून दुपारीं दोनला हजर झालों, तों मुख्याध्यापकांचा चेहरा गंभीर. त्या देशांत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आठ म्हणजे दोन. आम्ही तब्बल सहा तास उशिरां पोंचलों होतों! वास्तविक सूर्योदयापासून घटका मोजणारें पंचांग आमच्या वाड्यांत देवघराच्या खुंटीस टांगलेलें असे. आजोबांना हें गणित क्षणांत उमगलें असतें. मनगटावर घड्याळ बांधून फिरणाऱ्या आम्हांला मात्र तें समजावून घ्यावें लागलें.

तारखांची गोष्ट तर त्याहून नवलाची. तेथें वर्षाचे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पांच किंवा सहा दिवसांचा. त्यांचें साल आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षें मागें असतें. आम्ही पोंचलों तेव्हां तेथें १९६० साल नुकतेंच उजाडलें होतें. आमचें लग्न १९६३ चें. हा हिशेब कळल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे इथल्या पंचांगाप्रमाणें आपलें लग्न अजून व्हायचेंच आहे. विचार करायला मला तीन वर्षें आहेत!"

मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर त्यांनींच शोधून काढलें. तेथील ख्रिस्ती लोकांचा धर्म फार पुरातन; त्यांत उपासांचें बंड मोठें. बुधवार आणि शुक्रवार हे नेमाचे उपास, शिवाय ईस्टरच्या आधीं पंचावन्न दिवसांचा मोठा उपास, आणि इतर कितीतरी. वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस उपासाचे म्हणावेत. त्या दिवशीं मांस, अंडीं, दूध, लोणी सारें वर्ज्य. उपासाला ते 'त्सोम' म्हणतात. हा एक शब्द हातीं लागतांच आमच्या घरचा निम्मा प्रपंच सुकर झाला. तेफ नांवाचें राजगिऱ्याहूनही बारीक धान्य. त्याचें पीठ तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर आंबोळीसारखी जाळीदार 'इंजेरा' करतात. आणि तिच्याबरोबर उपासाच्या दिवशीं जें वाढतात त्याचें नांव 'शिरो'. शेजारच्या बाईंनीं पहिल्यांदा वाटी भरून आणून दिलें तेव्हां सौ.नीं बोटानें चाखलें आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलें. तें हरभऱ्याचें पिठलें होतें! मसाला निराळा, तिखटपणा आमच्या तोडीचा, पण पिठलें तें पिठलेंच. शेजारीणबाईंना वाटलें, तिखट लागलें. त्या धांवत पाणी घेऊन आल्या. आम्ही रोजच 'त्सोम' पाळतों हें कळल्यावर तर त्या आम्हांस मोठे तपस्वी समजूं लागल्या. मातोश्रींना आम्हीं पत्रानें सारें कळविलें. त्यांचें उत्तर आलें, "पिठलें मिळतें ना, मग माझी काळजी मिटली." पुढील प्रत्येक पत्रांत मात्र एक प्रश्न ठरलेला असे: काल काय जेवलांत?

येथवर सारें कौतुकाचें झालें. आतां ज्यासाठीं लिहावयास बसलों तें सांगतों.

आमच्याकडे आठवीचा वर्ग होता. आठवीच्या अखेरीस सरकारी परीक्षा असे, आणि तींत उतरणाऱ्यालाच पुढील माध्यमिक शाळेचा दरवाजा उघडे. वर्गांत साठेक विद्यार्थी. कित्येकांना मिसरूड फुटलेली. कारण खेड्यांत शाळा नव्हत्या व मुलगे उशिरां शिकावयास लागत. असे चौघे-पांच मुलगे मिळून गांवांत एक खोली भाड्यानें घेत, शनिवारीं पायीं घरीं जात, आणि आठवड्याची शिदोरी पाठीवर घेऊन परत येत. पुण्यास वार लावून शिकलेल्या वडील पिढीच्या गोष्टी आम्हीं घरीं ऐकल्या होत्या. हीं मुलें त्याच जातीचीं.

नोव्हेंबरांत आम्हीं 'माझें गांव' ह्या विषयावर इंग्रजींत निबंध लिहून आणावयास सांगितलें. बहुतेकांचे निबंध जसे असावयाचे तसेच होते. एका मुलाचा निबंध मात्र स्वच्छ, चुका जवळजवळ नाहींत, वाक्यें नेटकीं. तो मुलगा वर्गांत कधीं बोलत नसे. आमच्या मनांत संशय आला. दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष त्याला उभें करून आम्हीं विचारलें, "हें तूं स्वतः लिहिलेंस काय?"

त्यानें डोळे खालीं घातले आणि तोंडानें झटकन श्वास आंत ओढला. चटका बसला म्हणजे, किंवा चोरी उघडकीस आली म्हणजे, माणूस जसा श्वास ओढतो अगदीं तसा. आम्हीं पुन्हां विचारलें. पुन्हां तेंच. आमची खात्री पटली. आम्हीं वही टेबलावर आपटली, चोरीविषयीं चार कठोर वाक्यें ऐकविलीं, आणि त्याला वर्गाबाहेर काढलें. तो कांहीं न बोलतां गेला. जातांना दाराशीं त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला. तो नमस्कारही आम्हांला उद्धटपणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशीं त्याची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशींही रिकामी. आठवडा गेला. आम्हीं मनाशीं म्हटलें, अपराधी आहे, लाजला असेल.

एके दिवशीं सकाळीं शाळेच्या फाटकाशीं कडाक्याची थंडी होती. आम्ही पहारेकऱ्यास सहज म्हणालों, "आज फारच गारठा, नाहीं?" त्यानें आमच्याकडे पाहून झटकन श्वास आंत ओढला. आम्हीं काळजीनें विचारलें, "काय झालें? कोठें दुखतें आहे?" म्हातारा खो खो हंसला. मग लहान मुलाला समजावून सांगावें तसें त्यानें आम्हांस समजावलें. त्या लोकांत 'होय' म्हणण्याची ती एक रीत आहे. तोंडानें शब्द न उच्चारतां श्वास आंत घ्यावयाचा, कीं झालें 'होय'.

आम्ही फाटकांतच उभे राहिलों. त्या मुलानें आमच्या प्रश्नास दोनदां उत्तर दिलें होतें. होय, मीं स्वतः लिहिलें. होय, मींच लिहिलें. आणि दोन्ही वेळां त्याच्या खरेपणालाच आम्हीं चोरीचा पुरावा ठरविलें होतें. दोन महिने आम्ही तो श्वास वर्गांत ऐकत होतों. थंड हवेमुळें मुलांना तशी संवय असेल अशी आपलीच समजूत करून घेतली होती. कोणास विचारावें असें एकदांही वाटलें नाहीं. कारण आम्ही शिकवावयास आलेलों, शिकावयास नव्हे! त्या क्षणीं आम्हांस आमचे आठवींतले मास्तर आठवले. त्यांनीं निदान आमची चूक धरली होती. आम्हीं ज्याला दुखविलें त्याची चूकच नव्हती.

घरीं येऊन सौ.ना सर्व सांगितलें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्या घरीं जायला हवं." आम्ही म्हणालों, "गुरूनें शिष्याच्या दारीं क्षमा मागायला जायचें?" त्या म्हणाल्या, "चूक शाळेंत चौघांदेखत केलीत, मग क्षमा घरांत मागायला लाज कसली? मी येतें बरोबर."

शनिवारीं पहारेकऱ्यास वाटाड्या घेऊन आम्ही निघालों. तीन तासांची चाल. दोहोंकडे सातूचीं शेतें, मेंढ्यांचे कळप, उघडा माळ. भीमथडीच्याच माळावर वारा थंड सोडला तर जसा होईल तसा. दगडी भिंतींचें, गवतानें शाकारलेलें वाटोळें घर. आम्हांस पाहतांच तो मुलगा मागच्या बाजूस निघून गेला. त्याची आई दारांत आली आणि कमरेंतून वांकली. मुलाच्या शाळेचे पंतोजी दारीं आले म्हणजे कांहीं भयंकर घडलें असलें पाहिजे, असें तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. बाप एका शब्दानेंही बोलला नाहीं. त्यानें बसावयास कातडें अंथरलें.

आम्हीं वाटेंत पहारेकऱ्याकडून एक शब्द घोकून घेतला होता: 'यिकिर्ता', म्हणजे क्षमा. मुलाला पुढें बोलावण्यांत आलें. आमच्या तोंडून तो शब्द कसाबसा बाहेर पडला. उच्चार अर्थातच चुकला असावा. आठवींतल्या 'इष्टेशना'सारखाच! पण त्या घरांत कोणी हंसलें नाहीं. आम्हीं दुसऱ्यानें शब्द उच्चारला तेव्हां आईनें तोंडाला पदर लावला, आणि बापानें प्रथमच आमच्याकडे वर मान करून पाहिलें. मुलगा आंत गेला व कागदांचें एक भेंडोळें घेऊन आला. तोच निबंध त्यानें पांच वेळां लिहिला होता. पहिल्या कागदावर ओळीओळींत चुका होत्या. दुसऱ्यावर थोड्या कमी. अशा पायरीपायरीनें चढत पांचव्यावर तो आमच्या वहींतील निबंधाशीं पोंचला होता. आम्हांस कांहीं सिद्ध करून दाखवावें म्हणून ते कागद त्यानें आणले नव्हते. चौथ्या कागदावरील एक वाक्य पांचव्यावर बदलावें कीं नाहीं, ह्याची शंका त्याला अजून होती. ती त्यानें विचारली.

मग त्याच्या आईनें निखाऱ्यांवर कॉफीचे दाणे भाजले, कांडले, आणि काळ्या मातीच्या सुरईंत कॉफी उकळली. तेथें कॉफी तीनदां देतात; तिसऱ्या पेल्याचें नांव 'बेरेका', म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्यावांचून उठणें बरें दिसत नाहीं. बरोबर भाजलेले सातूचे दाणे होते. काकूंनीं पढविलेली यादी सौ.ना त्या वेळीं आठवली कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. त्यांनीं तिन्ही पेले घेतले.

सोमवारीं तो मुलगा वर्गांत आला. आम्हीं सर्व वर्गासमोर सांगितलें कीं, चूक आमची होती, आणि ती कशी झाली. वर्ग आधीं गोंधळला, मग एवढा मोठा हंसला कीं शेजारच्या वर्गांतले शिक्षक डोकावून गेले. त्या हंसण्यानें आम्हांस यत्किंचितही दुःख झालें नाहीं. आपण होऊन सांगितलेल्या चुकीवरचें हंसणें आणि पकडलेल्या चुकीवरचें हंसणें ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

त्या दिवसापासून एक नवा क्रम सुरू झाला. आठवड्यांतून तीन संध्याकाळ तो आमच्या घरीं येई. तासभर आम्ही त्याला इंग्रजी शिकवीत असूं, आणि तासभर तो आम्हां दोघांना त्यांची लिपी. तेहेतीस अक्षरें, आणि स्वराप्रमाणें प्रत्येकाचीं सात रूपें. लिहावयाचीं डावीकडून उजवीकडे. सौ. म्हणाल्या, "ही तर आपली बाराखडीच, फक्त पांच घरं कमी!" त्या आमच्याआधीं वाचावयास शिकल्या. त्या लोकांत आडनांव नसतें. स्वतःच्या नांवापुढें बापाचें नांव लावतात, हेंही आम्हांस त्यानेंच सांगितलें. आमच्या नांवांत मध्यें बापाचें नांव येतें हें पाहून त्याला आनंद झाला. आडनांवाचें प्रयोजन काय, हें मात्र आम्हांस त्याला नीट सांगतां आलें नाहीं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत त्यांचा 'तिमकत' नांवाचा सण येतो. देवळांतील पवित्र पाट्या भरजरी वस्त्रांत गुंडाळून पुरोहित डोक्यावर घेतात आणि मिरवीत पाण्याकांठीं नेतात. वर रंगीत छत्र्या, पुढें ढोल, हातांत खुळखुळणारीं वाद्यें, मागून पांढरीं वस्त्रें ल्यालेलीं हजारों माणसें टाळ्या वाजवीत व गात चाललेलीं. आम्ही रस्त्याच्या कडेस उभे होतों. ढोलाचा आवाज जवळ आला तशा सौ.नीं चपला काढल्या आणि हात जोडले. पाटसला पालखी आली म्हणजे त्या जशा उभ्या राहत तशाच त्या उभ्या होत्या.

त्या वर्षीं तो मुलगा सरकारी परीक्षा उत्तम रीतीनें उतरला.

१९७० च्या फाल्गुनांत मातोश्री गेल्या. दादांची तार आम्हांस पांच दिवसांनीं मिळाली. तोंवर सर्व कांहीं उरकलें होतें; अग्नि दादांनीं दिला होता. तार हातांत घेऊन आम्ही ओसरीवर बसलों. आदले दिवशींच मातोश्रींचें पत्र आलें होतें, आणि त्यांत तोच प्रश्न होता: काल काय जेवलांत? त्याचें उत्तर अर्धें लिहून टेबलावर पडलें होतें.

आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. शेजारीणबाईंनीं सौ.चा चेहरा पाहिला, आणि तासाभरांत ओसरी माणसांनीं भरली. त्या लोकांत रीत आहे कीं, दुःख झालेल्या घरीं शेजाऱ्यांनीं येऊन बसावयाचें. बोलावयाचें नाहीं, नुसतें बसावयाचें. त्या घरची चूल पेटूं द्यावयाची नाहीं. अन्न बाहेरून येतें. आपल्याकडे ह्याहून निराळें काय करतात? तीन दिवस माणसें येत राहिलीं. त्यांचा मोठा उपास चालूच होता, त्यामुळें येणारें अन्नही आम्हांस चालणारें होतें. प्रत्येकजण आंत येतांना एवढेंच म्हणे, "ईश्वर तुम्हांला धीर देवो."

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो मुलगा आला. आतां तो दहावींत होता. आईनें दिलेले भाजलेले सातूचे दाणे त्यानें सौ.च्या पुढ्यांत ठेवले आणि आमच्याजवळ बसला. बऱ्याच वेळानें त्यानें हळूच विचारलें, "काय जेवलांत म्हणून नेहमीं लिहिणाऱ्या, त्याच का?"

आम्हांला शब्द फुटेना. मराठी तर त्याला येत नव्हती, आणि इंग्रजी व अम्हारिक ह्या दोन्ही त्या वेळीं आमच्या जिभेवरून पुसून गेल्या होत्या. आम्हीं झटकन श्वास आंत ओढला. त्याला कळलें. आपण काय केलें हें आमच्या ध्यानांत मागाहून आलें.

परमुलखांत रुळणें म्हणजे काय, असें पुढें आम्हांस अनेकांनीं विचारलें आहे. घर मिळालें, बाजार कळला, हवा मानवली, कीं माणूस रुळला असें समजतात. आमच्या मतें त्या संध्याकाळीं आम्ही त्या मुलखांत रुळलों. इंग्रजीनें आम्हांस शाळेचें फाटक उघडून दिलें होतें. घरांचे दरवाजे तिनें उघडले नाहींत. ते त्यांच्या भाषेनें उघडले, आणि त्या भाषेंतील पहिला शब्द आम्ही शिकलों तो 'क्षमा'.

१९७३ सालीं तीर्थरूपांची प्रकृति ढासळली म्हणून आम्ही परत आलों. पुढच्याच वर्षीं, १२ सप्टेंबर १९७४ रोजीं, सम्राट पदच्युत झाले व लष्करी राजवट आली. नव्या सरकारनें विद्यापीठ व वरचे वर्ग बंद करून हजारों विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत साक्षरतेच्या कामावर पाठविलें. आमचा विद्यार्थी तेव्हां विद्यापीठांत होता. १९७५ मध्यें त्याचें पत्र पाटसला आलें. त्याला दक्षिणेकडील एका खेड्यांत धाडलें होतें, जेथें त्याची भाषा कोणास येत नव्हती. त्यानें लिहिलें होतें कीं, आपल्याच देशांत मी परदेशी शिक्षक झालों आहें. मुळाक्षरें शिकविण्याआधीं एक महिना त्या लोकांचें नुसतें ऐकत बसलों. तुमची आठवण झाली. आम्हीं उलट पत्र पाठविलें. त्यानंतर त्या देशांत फार वाईट दिवस आले, आणि १९७७-७८ मध्यें शिकलेले तरुण पुष्कळ मारले गेले. त्याचें दुसरें पत्र आलें नाहीं. पहिलें पत्र आमच्या सौ. हयात असेपर्यंत देवघरांतील पंचांगांत असे. आतां आमच्या उशाशीं असतें.

गेल्या वर्षीं आमच्या दादांची पणती परदेशीं शिकवावयास निघाली. वाड्यांतील जीं चार माणसें उरलीं आहेत तीं तिच्याभोंवतीं जमलीं. पगार किती, हें एकानें विचारलें. खायला काय मिळतें, हें दुसऱ्यानें. तिनें भ्रमणध्वनीवर दोन्हींचीं उत्तरें तात्काळ दाखविलीं. मग ती आमच्या पायां पडावयास आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीं कांहीं विचारलंच नाहीं."

आम्ही म्हणालों, "विचारायचें नाहीं, सांगायचें आहे. तिकडचीं माणसें 'होय' कसें म्हणतात, तें आधीं पाहा. मग वर्गांत जा."